घोड्याच्या पायाखालच्या प्लेटा



उजनीच्या पाण्यात आम्ही मोटारीसाठी लोखंडी घोडा उभा केला, तो कसा रुतला आणि परत कसा बसवला, हे लिहायचं बरेच दिवस राहिलं होतं. चूक माझी होती म्हणून हात लिहायला तयार होत नव्हता. आता घोडा पाण्याबाहेर निघालाय, पावसानं कामं थांबलीत, तर लिहून टाकतो. नीरा, भीमा, कुकडी कुठल्याही फुगवट्यावर ज्याची मोटार आहे त्याला उपयोग होईल.

ज्यांना फुगवट्याची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. उजनी भरलं की ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी मृतसाठा, म्हणजे धरण 'वजा'त गेलं तरी आमच्या पुढ्यात पाणी असतंच, फक्त ते लांब लांब जात राहतं. आमचं शेत इंदापूरच्या बाजूला, काठालाच. सप्टेंबरात पाणी बांधाला लागतं आणि मे महिन्यात तेच पाणी बघायला अर्धा किलोमीटर चालावं लागतं. मोटार पाण्याच्या मागं मागं न्यायची, पाईप वाढवायचा, केबल वाढवायची. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, धरण साठीच्या घरात टक्के भरलं आणि २०२४ च्या जानेवारीतच वजात गेलं. त्या उन्हाळ्यात मी मोटार अकरा वेळा हलवली. अकरा वेळा चार माणसं गोळा करून, दीडशे किलोचं धूड बांबूला बांधून चिखलातून. शेवटी पोकलेन लावून चारी खोदली. त्याच मे महिन्यात कुगाव ते कळाशी होडी वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरातल्या बायका कुणाला पाण्यात पाय घालू देत नव्हत्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तर २०२४ च्या दिवाळीत पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात लोकांच्या घरामागं तळी असतात, तिथं होडी पाण्यात न ठेवता वर उचलून ठेवतात. चार पायांचा सांगाडा, मधे पाळणा, बाजूला चाक. चाक फिरवलं की होडी पाण्यावर उचलली जाते. पोरगं म्हणालं, "तात्या, होडीच्या जागी मोटार ठेवली तर?"

मला पटलं. आमच्या शेताला जिथं पाणी लागतं तिथं काठ जरा उभा आहे. पाणी दहा फूट उतरलं तरी आडवं फार सरकत नाही. म्हणजे एका जागी घोडा उभा केला आणि चेनकप्पीनं पाटा खाली-वर करता आला, तर जानेवारी ते एप्रिल मोटार हलवायला नको. मग एकदाच घोडा पुढं न्यायचा.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. पाय दोन इंची जाड जीआय पाईपचे, चौदा फूट उंच. मधे अँगलचा पाटा, वर चॅनल, चॅनलला एक टनाची चेनकप्पी. सगळा खर्च ३८ हजार. माप घेताना वेल्डिंगवाला म्हणाला, "तात्या, पायाला खाली प्लेटा मारू. दीड दीड फुटाच्या." मी विचारलं किती. चार प्लेटांचं वजन चाळीस किलोच्या आसपास, नव्वद रुपये किलो, साडेतीन हजार वाढतील म्हणाला. मी म्हटलं, "कशाला? टोकं बंद कर पाईपची, जातील गाळात, उलटा घट्टच बसंल."

हे वाक्य माझं आहे. वेल्डिंगवाल्याचं नाही, पोराचं नाही. आणि व्हिडिओत प्लेटा होत्या की. नंतर परत बघितला तेव्हा दिसल्या, पाय पाण्यात उतरवण्याआधी दोन सेकंद. आम्ही सांगाडा बघितला, चाक बघितलं, पण पाण्याखाली जे जातं ते कोण बघतो.

जानेवारीत उभा केला. पाणी तेव्हा पाच फूट होतं त्या जागी. चारी पाय आपापल्या वजनानं फूटभर गेले आणि थांबले. मला आनंद झाला, म्हटलं बसला. काठापासून घोड्यापर्यंत प्लॅस्टिकच्या ड्रमवर फळ्या टाकून वाट केली. मोटार दहा एचपीची मोनोब्लॉक, सक्शन खाली, डिलिव्हरी चार इंची. दोन महिने चाललं झकास. लोक बघायला यायचे. मीही थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोला.

फेब्रुवारीच्या शेवटी घोडा जरासा कलल्यासारखा दिसायला लागला. तीन फुटांच्या मागं बोटभर असेल. मी ओळंबा लावला नाही. म्हटलं पाण्यात बघताना वाकडंच दिसतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती. केळी घडावर होती, तीन एकर, ऊस दोन एकर वेगळा. पुतण्या रात्री साडेबाराला मोटार चालू करायला गेला. स्टार्टर काठावर खोक्यात असतो. चालू केली, चालली, आणि पाच मिनिटांत बंद पडली. परत दाबली, परत बंद. सक्शनमध्ये काही अडकलं असेल म्हणून तो बॅटरी घेऊन फळीवरून घोड्यावर गेला. तो पाट्याच्या कडेला उभा राहिला आणि खोलगट बाजूचे दोन पाय एकदम खाली गेले. पाटा तिरका, मोटार घसरून साखळीला लोंबकळली, अर्धी पाण्यात. पोरानं घाबरून उडी मारली.

पाणी तिथं साडेतीन फूट. छातीएवढंसुद्धा नाही. पण खाली गाळ. उडीच्या जोरानं दोन्ही पाय मांडीपर्यंत आत, आणि पाणी हनुवटीला. फोन खिशात, भिजलेला. एक हात घोड्याच्या अँगलला.

आमच्या नशिबानं एक मासेमारी करणारे नाना जाळी टाकून होडीतच पडले होते, दोनेकशे फुटांवर. त्यांनी हाक ऐकली. ते आले, पण जवळ येण्याआधी त्यांनी विचारलं, "करंट बंद हाय का रं?" पोराला माहीत नव्हतं. स्टार्टर पडला होता की नाही, केबल तुटून पाण्यात होती की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. नाना होडीतून ओरडायला लागले, ते ओरडणं वस्तीवर मला ऐकू आलं. मी पळत गेलो. आधी खोक्यातला मेन स्विच ओढला, फ्यूज काढून खिशात घातले, मग पाण्याकडं वळलो. एवढं एक काम मी त्या रात्री बरोबर केलं.

मी पाण्यात उतरायला निघालो तर नाना खेकसले, "थांबा तिथंच! तुमाला कोण काढंल?" त्यांनी होडीतली फळी पोराच्या बगलेखाली आडवी घातली. ओढायला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "मागं रेल. पाण्यावर उताणा झोपल्यासारखा रेल. पाय उपसू नको, पाऊल हालव. डावं, उजवं. पाणी जाऊ दे आत." मला हे ऐकताना वाटत होतं काय बोलतात हे, ओढा ना पोराला. पण बघत राहिलो. पोरगं रडत पाऊल हलवत होतं. वीसेक मिनिटं गेली असतील. मग एक पाय सुटला, फुस्स आवाज आला, बुडबुडे आले. मग दुसरा. चपला अजून तिथंच आहेत.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडं गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. पाय वर ओढला की पावलाखाली पोकळी होते, तिथं ना हवा जाते ना पाणी. मग गाळ पाऊल चोखून धरतो. जेवढा हिसका, तेवढी पकड. पाणी आत गेलं की पकड सुटते. म्हणून हळू, आणि हलवत. हे वाक्य पुढं घोडा काढताना मला परत कामाला आलं.

धाकटा भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. पोरगं त्याचं. मोटार सामाईक, खर्च सामाईक, पण प्लेटा नकोत हा निर्णय माझ्या एकट्याचा, आणि तो वेल्डिंगवाल्याकडून त्याच्या कानावर गेला होता. नऊ दिवस तो माझ्या समोरून गेला तरी मान वर केली नाही. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, एवढंच म्हणाली, "भाऊजी, साडेतीन हजार माझ्याकडं मागायचं होतं." यावर काय उत्तर द्यायचं.

मोटारीत पाणी गेलं होतं, ती भरून आणायला साडेसहा हजार लागले. केळीला शेजाऱ्यानं दोन पाळ्या दिल्या म्हणून घड वाचले, नाहीतर मार्चच्या उन्हात घडावरची केळी सात-आठ दिवस कोरडी म्हणजे माल गेलाच.

त्या नऊ दिवसांत मी वही काढून बसलो. शाळेत दहावीला विज्ञानात शिकलो होतो, दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. तेव्हा मार्कांपुरतं पाठ केलेलं. आता हिशेब मांडला. घोडा, पाटा, मोटार, पाईपमधलं पाणी मिळून साडेचारशे किलो धरा. (चार इंची पाईपमध्ये मीटरला आठ लिटर पाणी बसतं, हे वजन कुणी धरतच नाही.) पाय दोन इंची, टोकाचं क्षेत्रफळ बाहेरून मोजलं तर एका पायाला २८ चौरस सेंटिमीटर, चार पायांचं ११२. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो. आता माणूस. सत्तर किलोचा माणूस दोन पावलांवर उभा, पावलांचं क्षेत्रफळ चारशेच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोनशे ग्रॅम. माणूस पावणेदोनशे ग्रॅमनं गुडघाभर रुतत होता, तिथं मी चार किलोचा दाब देऊन 'घट्ट बसला' म्हणत होतो.

प्लेटा दीड बाय दीड फुटाच्या धरल्या तर एकेकीचं क्षेत्रफळ दोन हजारांच्या वर. प्लेटांचं चाळीस किलो वजन मिळवूनसुद्धा दाब साठ ग्रॅमच्या आत येतो. माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. तेव्हापासून मी साधं धरलं की ज्या गाळात माणूस रुततो तिथं घोड्याचा दाब माणसाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. फार पातळ रेंदा असेल तर याहूनही कमी लागेल.

मग प्रश्न असा की दोन महिने तो उभा कसा राहिला? दोन कारणं सापडली. एक, मोटारीचा थरथराट. बारीक गाळ पाण्यात भिजलेला असतो, त्याला सतत थरथर दिली की तो सैल पडतो, दह्याचं भांडं हलवल्यासारखा. रोज आठ तास मोटार चालली की पाय रोज केसभर खाली. एका दिवसात दिसत नाही. दुसरं कारण सळईनं दाखवलं.

वीस फुटी, बारा एमएमची सळई घेतली, फुटाफुटाला रंगाच्या खुणा केल्या. नानांच्या होडीत बसून घोड्याच्या चारी पायांजवळ सळई खुपसली. हे करताना दोघं जण पाहिजेत आणि घाई नको. आधी सळई हातानं लोण्यात गेल्यासारखी जाते, तो वरचा रेंदा. मग चिकट लागते, काढताना जोर लागतो, ती जुनी काळी माती. मग एकदम टक्क होतं आणि हाताला झिणझिणी येते, तो मुरूम. काठाकडच्या दोन पायांना पावणेदोन फुटांवर टक्क झालं. खोलाकडच्या दोन पायांना साडेचार फूट गेली तरी मऊच. एका सांगाड्याचे दोन पाय जवळजवळ मुरमावर आणि दोन पाय रेंद्यात. तो कलणारच होता. चारी पाय सारखे रुतले असते तर एवढं झालं नसतं.

ही गोष्ट मी घरी बोललो तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून म्हणाले, "तिथं वढ्याची दरड हाय." आण्णांचं वय चौऱ्याऐंशी. धरणाचं काम १९८० ला पूर्ण झालं, आमची खालची सगळी जमीन पाण्यात गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा. मला फक्त एक चिंच आठवते आणि बैलगाडीत सामान. आण्णांना सगळं आठवतं. ज्या पाण्यात मी घोडा उभा करतोय ते त्यांचं शेत आहे. ओढा कुठून जायचा, दरड कुठं होती, पाणंद कुठली. ओढ्यात गाळ जास्त साठणार, पाणंदीवर मुरूम असणार, गाड्यांनी दाबलेला. मी पंचेचाळीस वर्षं पाण्याच्या काठाला राहून त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. मलाच काय, कुणालाच सुचलं नाही.

त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून काठावर नेलं. डोळ्यांनी फार दिसत नाही. त्यांनी पळसदेवच्या बाजूला तोंड केलं, समोरच्या टेकाडाची खिंड कुठं दिसते ते मला विचारलं, आणि काठी दाखवून म्हणाले, पाणंद इथनं सरळ गेलेली. सळई खुपसली तर तिथं तीन फूट मऊ. आण्णा नाराज झाले. मग आम्ही दोन्ही बाजूला पाच पाच फुटांवर सळई घालत गेलो, आणि पंधरा फूट पश्चिमेला टक्क झालं. सव्वा फुटावर. पुढं टक्क, मागं टक्क. पंचेचाळीस वर्षांत पंधरा फुटांची चूक. मी म्हटलं, आण्णा, सापडली पाणंद. ते म्हणाले, "मग, कुठं जातीय ती." पण घरी येताना एक शब्द बोलले नाहीत.

आता बसवणी. यात मी आखडता हात घेतला नाही.

प्लेटा सहा एमएमच्या, कडा वर वळवलेल्या, म्हणजे हलवताना गाळात टोकरत नाहीत. प्रत्येक प्लेटला चार भोकं, बोटाएवढी. ही भोकं पाणी आत जायला. आणि प्रत्येक पायाच्या बाजूनं अर्धा इंची पाईप वरपासून प्लेटच्या खालच्या तोंडापर्यंत वेल्ड करून घेतला. त्या दिवशी वेल्डिंगवाला हसत होता, म्हणाला हे कशाला. म्हटलं, कळंल. पाय दोन तुकड्यांचे केले, आतला पाईप बाहेरच्यात सरकतो, बोल्ट मारून उंची धरता येते. त्यामुळं एक कोपरा बसला तर तेवढाच उचलता येतो.

घोडा उभा केल्यावर लगेच मोटार चढवली नाही. पाट्यावर वाळूनं भरलेल्या बारा गोण्या ठेवल्या, मोटारीच्या वजनाच्या तिप्पट, आणि तीन दिवस तसाच सोडला. रोज सकाळी चारी पायांवर पाण्याची खूण आणि ओळंबा. पहिल्या दिवशी तीन इंच बसला, दुसऱ्या दिवशी अर्धा इंच, तिसऱ्या दिवशी काही नाही. एक कोपरा इंचभर जास्त बसला होता, तो बोल्टवर उचलला. मग गोण्या काढून मोटार.

प्लेटांनी खाली जाणं थांबतं, बाजूला सरकणं थांबत नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारं सुटतं आणि जलपर्णीचा अख्खा पट्टा घोड्यावर येऊन रेटतो. एक गुंठ्याचा पट्टा आला तरी माणसं ढकलून हलत नाही. त्यासाठी घोड्याच्या वरच्या अंगाला दोन खुंटे ठोकले. खुंटा म्हणजे दीड इंची पाईप. तो गाळात घालायला घण मारत बसलो नाही. छोट्या पेट्रोल इंजिनच्या पंपाची नळी पाईपच्या वरच्या तोंडाला बांधली, पाणी खालच्या तोंडातून जोरात निघालं की गाळ आपोआप बाजूला होतो आणि पाईप वजनानंच उतरतो. मुरमाला टेकल्यावर पंप बंद, मग घणाचे ठोके. तासाभरात गाळ पाईपभोवती परत आवळतो. घोडा या खुंट्यांना सैल कड्यानं जोडला, वेल्डिंगनं नाही. खाली-वर सरकायला मोकळा, बाजूला जायला नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी. डिलिव्हरीचा पाईप घोड्यावर टांगू नका, त्याला वेगळा ड्रम द्या. आणि फळीच्या वाटेच्या काठाकडच्या टोकाला, स्टार्टरच्या खोक्याजवळ, आम्ही पाटी लावलीय: फ्यूज खिशात असल्याशिवाय फळीवर जायचं नाही. अर्थिंग नवीन केलं. रात्री एकट्यानं जायचं बंद. लाईट रात्रीची असली तर दोघं जातो. भाऊ आणि मी.

हो, भाऊ बोलायला लागला. गोण्या चढवताना आठवी गोणी मला उचलेना तेव्हा मागून येऊन त्यानं दुसरं टोक धरलं. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

एप्रिलभर घोडा हलला नाही. मे महिन्यात पाटा जवळजवळ खालच्या अँगलला टेकला होता आणि आम्ही घोडा पुढं न्यायच्या तयारीत होतो. पण २०२५ चा मे तुम्हाला माहीत आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसानं इंदापूर, बारामती, दौंड धुऊन काढलं आणि उजनीचं पाणी मेमध्येच चढायला लागलं. असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मोटार त्याच दिवशी काठावर आणली. घोडा राहिला. पाणी चौदा फुटांच्या वर जायला वेळ लागणार नव्हता, आणि एकदा बुडाला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाळाखाली.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरला वायररोप लावून ओढलं. तसूभर हलला नाही. जोर दिला तर वरचा चॅनल वाकायला लागला. मी ट्रॅक्टर बंद करायला लावला. नानांचं वाक्य डोक्यात आलं, जेवढा हिसका तेवढी पकड.

पुतण्याच म्हणाला, "तात्या, ड्रम बांधू." फळीच्या वाटेचे दोनशे लिटरचे चार रिकामे ड्रम होते. बुचं घट्ट करून, प्रत्येक पायाला एक, आडवा, पाण्याच्या पातळीला, वर सरकणार नाही असा आवळून बांधला. अर्धा ड्रम पाण्यात, अर्धा बाहेर. पाणी रात्रीत जेवढं चढेल तेवढा ड्रम बुडणार आणि तेवढं ओढणार. मग फवारणीचा एचटीपी पंप लावून त्या अर्ध्या इंची पाईपांतून प्लेटांखाली पाणी सोडलं, एकेका पायाला पंधरा मिनिटं. बुडबुडे आले. खुंट्यांची कडी सोडली. घोड्याला एक लांब दोर बांधून काठावरच्या बाभळीला अडकवला आणि घरी आलो.

रात्री झोप लागली नाही. पाऊस चालू होता. पाच वाजता भाऊ दारात उभा, रेनकोट घालून. आम्ही दोघं गेलो. अजून नीट उजाडलं नव्हतं.

घोडा जागेवर नव्हता. तीस-चाळीस फूट खाली, दोराला ताण देऊन, चार ड्रमवर तरंगत होता, थोडा तिरका, एक पाय पाण्याबाहेर. प्लेटला गाळ लोंबत होता, काळाभोर. भावानं दोर हातात घेतला, ओढून बघितला, आणि म्हणाला, "साडेतीन हजारात बसलं हे." मी काही बोललो नाही. दोर ओढायला लागलो.

घोडा आता गोठ्यामागं आडवा आहे. एक चॅनल वाकलाय तो सरळ करून घ्यायचाय. प्लेटांवरचा गाळ मी धुतला नव्हता, वाळला तसा ढेकळं होऊन पडला. आण्णांनी एक ढेकूळ मागून घेतलं, हातात चुरून बघितलं, वास घेतला. म्हणाले, खालच्या पट्टीची माती आहे, हिच्यात ज्वारी चांगली यायची.